वर्तणुकीचा रकाना

सिस्टर मार्था, परवा तुम्हाला मूठमाती देताना माझ्या शेजारी अमोल उभा होता. माझ्या बहिणीचा मुलगा, तुमचाच जुना विद्यार्थी. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात कंपनीचं आयकार्ड तसंच लटकलेलं, आणि आलेल्या हारांत त्याचा हार सगळ्यात मोठा. त्याने वाकून माती घेतली, टाकली, रुमालाने एकेक बोट पुसलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाला, "मामा, सम्यकला जरा समजवा. एका कागदावर सही राहिलीय त्याची. उगाच ताणतोय."

"सांगतो की," मी म्हणालो.

तुमच्या उघड्या खड्ड्याशी उभं राहून मी हे म्हणालो, सिस्टर. कसला कागद, कसली सही, एका शब्दाने विचारलं नाही. घरी आलो, अंघोळ केली आणि जेवताना पोराला सांगितलं, "दादा म्हणेल तसं कर. त्याच्या शब्दावर लागलायस तू तिथे." सम्यकने मान खाली घातली. भात कालवत राहिला, पण घास काही उचलला नाही. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यात आपला हात कोणी धरणार नाही, तुम्हाला वेगळं काय सांगायचं!

आज शनिवार. नव्या प्रिन्सिपल सिस्टर सकाळी ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "साळवे सर, त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं तुम्ही काढलीत. शाळेच्या अंकासाठी एक पान लिहा ना. काहीतरी गोड." आता मी पडलो क्लार्क. सव्वीस वर्षं दाखले लिहिले, हजेरीपटांची जोडणी केली, शिक्षण खात्याला पत्रं पाठवली. गोड लिहायची सवयच नाही. तरी बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, 'सिस्टर मार्था म्हणजे मायेचा सागर,' आणि मलाच हसू आलं. सागर कसल्या, तुम्ही नगरच्या. विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या. तो कागद फाडला आणि हा घेतला. हा काही अंकात छापून येणार नाही.

मुलाखत आठवते का तुम्हाला? मी टाय घालून आलो होतो, दुसऱ्याचा. इंग्रजी वाक्यं पाठ करून आलो होतो. तुम्ही अर्ज वाचलात, चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "साळवे व्हय? आमच्याकडं साळवे लई हायेत. ते माझ्या चर्चमधले, तू विहारातला. आडनाव एक हाय म्हंजी लांबचं नातं धरायला हरकत न्हाई." माझी सगळी इंग्रजी वाक्यं घशातच राहिली. कॉन्व्हेंटची मोठी सिस्टर अशी बोलते? पालकांसमोर, बिशपांसमोर तुमचं इंग्रजी कसं इस्त्री केल्यासारखं असायचं. आणि ऑफिसचं दार लावलं की, "आरं साळवे, च्या सांग की, डोस्कं उठलंय."

बाहेर सगळे म्हणायचे, ही सिस्टर संस्कार भारी करते. मला मात्र माहीत होतं की मॉरल सायन्सची पुस्तकं तुम्ही जूनमध्येच कपाटात कुलूपबंद करायचात. तपासणी आली की काढायची, गेली की परत आत. तुमचं सगळं शिक्षण एका गोष्टीवर चालायचं. कोणाला लागलं, कोणाचं मन दुखावलं, कोणावर खोटा आळ आला, तर करणाऱ्याने त्याच्या दारात जायचं. तुमच्या केबिनमध्ये येऊन सॉरी म्हटलेलं चालायचं नाही. "मला कशापायी सॉरी? मला काय लागलं व्हय?" शाळा सुटल्यावर पोर पुढे आणि तुम्ही मागे, चालत निघायचं. पिंपळे गुरवच्या गल्ल्या तुम्हाला पोस्टमनपेक्षा जास्त पाठ होत्या. पण तुम्ही फक्त गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचात. तिथून पोराने एकट्याने जायचं, दार वाजवायचं, घरातल्यांसमोर काय केलं ते सांगायचं आणि परत यायचं. तोवर तुम्ही कोपऱ्यावर, कुठल्यातरी किराणा दुकानाच्या पत्र्याखाली, हातात छत्री घेऊन उभ्या.

मी एकदा विचारलं होतं, "इतकं चालता, मग दारापर्यंत का नाही जात?"

"मी गेले तर ती माणसं माझ्याकडं बघून माफ करत्याल. तसल्या माफीचं काय लोणचं घालायचंय?"

माझ्या सम्यकलाही तुम्ही नेलं होतं, सहावीत असताना. वर्गातल्या एका मुलीला तिच्या रंगावरून काहीतरी बोलला होता. मला तेव्हा तुमचा राग आला होता. शाळेतल्या क्लार्कचा पोरगा, निदान माझी लाज राखायची होती! संध्याकाळी तो घरी आला, दप्तर टाकलं आणि आईच्या कुशीत रडला. मग म्हणाला, "तिच्या आजीनं मला लाडू दिला." त्यानंतर ती मुलगी दहावीपर्यंत त्याची मैत्रीण होती. तुम्हाला मी कधी थँक यू म्हटलं नाही. आज म्हणतो.

सगळ्याच दारांतून लाडू येत नसत, हेही खरं. एका घराने आपल्या शाळेच्या पोराच्या तोंडावर दार आपटलं होतं, वर आईबापावरून चार शिव्या. मी तुमच्यावर चिडलो होतो. "तुमच्या चर्चमध्ये ती कन्फेशनची पद्धत आहे ना, मग इथेही एक पेटी ठेवा. पोरं आत बोलतील, मोकळी होतील, लोकांच्या दारात अपमान कशाला?" तुम्ही बराच वेळ जपमाळेचे मणी चाळत बसलात. मग म्हणालात, "देवाला सांगणं सोपं रं, साळवे. देव काय तोंडावर दार लावत न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी तुम्ही एकट्या जाऊन आलात. काय बोलणं झालं ते कधी सांगितलं नाही.

आता अमोलवर येतो. इतका वेळ टाळतोय ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

अमोल दहावीत होता. सायकल स्टँडचं ते सरकतं लोखंडी गेट, त्याच्या टोकाला एक अडसर होता, गेट रुळावरून निसटू नये म्हणून. अमोलने तो अडसर काढला. का? गंमत. गेट कसं धाडकन पडतं ते बघायला. पडलं ते सुमितच्या पायावर. त्याच्याच वर्गातला पोरगा. पाय दोन ठिकाणी मोडला आणि तो पुढे कायम जरा ओढतच चालायचा. आळ आला वॉचमनवर, त्याने देखभाल केली नाही म्हणून. तो बिचारा नोकरी सोडून गावी गेला. महिन्याभराने तुम्हाला खरं कळलं, कोणाकडून ते मला आजही माहीत नाही. तुम्ही अमोलला बोलावलंत. ओरडला नाहीत. इतकंच म्हणालात, "सुमितच्या दारात जाऊया. मी कोपऱ्यावर हायेच."

तो म्हणाला, "मी एकटा नव्हतो, सिस्टर."

"एकटा नव्हतास तर बाकीची नावं सांग. न्हाईतर एकटा चल."

तो गेला नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, आयटीआयच्या प्रवेशाची मुदत जवळ आली, तरी गेला नाही. दाखले लिहायला घेतले तेव्हा तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. बाकी सगळ्या शाळा 'वर्तणूक' या रकान्यात डोळे झाकून 'चांगली' लिहितात, एकजात सगळ्यांना. तुम्ही मात्र एकेका पोराचा विचार करून सांगायचात, आणि लिहायच्या आधी ते त्या पोराला तोंडावर वाचून दाखवायचात. त्याला भांडायची मुभा असायची. अमोलचं नाव आलं तेव्हा म्हणालात, "ह्याचा रकाना कोरा ठिव. दारात जाऊन आला की त्याच दिवशी मी सही करते."

"सिस्टर, कोरा रकाना बघून आयटीआयवाले शंभर प्रश्न विचारतील."

"इचारू देत."

"एका शब्दासाठी पोराचं आयुष्य अडवायचं?"

"शब्दाला किंमत न्हाई म्हनतोस, तर मग लिहितोस कशाला? आरं, रकाना ठिवलाच कशापायी?"

हे आपलं भांडण संपलंच नाही कधी. मला तेव्हा वाटत होतं, आणि मेल्या माणसाशी खोटं कशाला बोलू, अजूनही थोडं वाटतं, की सोळा वर्षांच्या पोराला कागदावर पकडू नये. तुमचा हट्टही काही कमी नव्हता. तुम्ही त्याच्यासमोर एकच दार ठेवलंत आणि तो पडला घाबरट. पण त्या संध्याकाळी माझी बहीण घरी आली, ओट्याला टेकून रडली, म्हणाली, "तुझ्या हातात पेन आहे ना, दादा?" माझ्या हातात पेन होतं. दुसऱ्या दिवशी मी अमोलच्या दाखल्यावर 'चांगली' लिहिलं, जनरल रजिस्टरातही तेच लिहिलं, आणि तो दाखला चाळीस दाखल्यांच्या मध्ये घालून तुमच्यापुढे ठेवला.

तुम्ही एरवी प्रत्येक कागद वाचायचात. पण मुंबईहून तुमच्या मठाच्या वरिष्ठ यायच्या होत्या, घाई होती, आणि मला म्हणालात, "तू बघितलंस नव्हं? मग मी काय बघू." आणि भराभर सह्या केल्यात.

का नाही वाचलंत, सिस्टर? या चौदा वर्षांत मी हा राग तुमच्यावर काढत आलोय. वाचलं असतंत तर तिथल्या तिथे माझा कान पकडला असतात, मी चार दिवस तोंड लपवलं असतं आणि विषय संपला असता. पुढे एकदा तुम्ही सहज विचारलंत, "अमोलला घेतलं का रं आयटीआयवाल्यांनी?" मी म्हणालो, "तिथे कोण रकाना बघतंय, सिस्टर." तुम्ही हं म्हणालात. त्या 'हं'चा अर्थ मी अजून लावतोय.

पोरगा पुढे हुशार निघाला. आयटीआय, मग महाळुंग्यात मोठ्या गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत अप्रेंटिस, मग ऑपरेटर, मग लाइनचा सुपरवायझर. बहिणीने घर बांधलं, वास्तूला तुम्हालाही बोलावलं. तुम्ही गेला नाहीत. आणि या जूनमध्ये माझा सम्यक डिप्लोमा करून घरी बसला होता, तर अमोल स्वतः आला. "मामा, आपला माणूस असताना बाहेर कशाला हिंडायचं? माझ्याच लाइनवर घेतो." मी पेढे वाटले, सिस्टर. तुम्हालाही आणून दिले होते.

तोवर तुम्ही अंथरुणाला खिळल्या होतात. मठातली ती मागची खोली, खिडकीतून बदामाचं झाड. पेढा हातात धरलात, खाल्ला नाहीत. विचारलंत, "कुठं लागला पोरगा?" मी सांगितलं, अमोलच्या हाताखाली. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "साळवे, काही राह्यलंय का सांगायचं?"

खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघत होतात. आणि मी म्हणालो, "नाही सिस्टर. सगळं क्लिअर आहे. ऑडिटही झालं."

ऑडिट! दुसरा शब्द सुचला नाही मला. तुम्ही मान हलवलीत आणि भिंतीकडे वळलात. आपलं शेवटचं बोलणं हे.

इथपर्यंत लिहिलं आणि मला बसवेना. पोरगा आतल्या खोलीत दिवसाढवळ्या पांघरूण घेऊन पडला होता. मी हाक मारली. "सम्यक, त्या कागदात आहे काय?"

तो उठून बसला. मग सांगत गेला, एका सुरात, माझ्याकडे न बघता. त्यांच्या लाइनवर मोठी प्रेस आहे. तिला सेन्सर असतो; हात आत असेल तर प्रेस खाली येत नाही. पण त्याने मशीन सारखी थांबते आणि टार्गेट निघत नाही, म्हणून अमोलने तीन महिन्यांपूर्वी वायर जोडून तो सेन्सर बंद करून टाकलाय. सगळ्यांना माहीत आहे. सोमवारी बालाजी म्हणून कॉन्ट्रॅक्टवरचा एक कामगार, लातूरकडचा, त्याने पार्ट नीट बसवायला हात आत घातला आणि प्रेस आली. उजव्या हाताची दोन बोटं. सम्यक शेजारच्या मशीनवर होता. "बाबा, तो ओरडला पण नाही. नुसता हाताकडे बघत उभा राहिला." अर्ध्या तासात मशीन पुसली आणि दुसरा माणूस उभा केला. कागद जबाबाचा आहे. त्यात लिहिलंय की सेन्सर चालू होता, बालाजीने मनानेच तो बंद केला आणि सांगूनही ऐकलं नाही.

मी ऐकत होतो आणि मला गेट दिसत होतं. तोच अडसर काढलेला, तोच आळ दुसऱ्यावर. चौदा वर्षांत अमोल नवीन काहीच शिकला नव्हता, आणि का शिकेल? त्याला पहिल्याच खेपेला 'चांगली' मिळालं होतं, माझ्या हातचं.

"सही करू नकोस," मी म्हणालो. "काय वाट्टेल ते होऊ दे, नोकरी गेली खड्ड्यात. तू सही करायची नाहीस."

सम्यकने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काल केली, बाबा."

"काल?"

"तुम्हीच म्हणालात ना, दादा म्हणेल तसं कर. मी चार दिवस थांबलो होतो. मला वाटलं होतं तुम्ही विचाराल."

सिस्टर, सुरीने कापलं असतं तरी इतकं लागलं नसतं. मी खाली बसलो. आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. गेट, सुमित, कोरा रकाना, चाळीस दाखल्यांची चळत, तुमचा शेवटचा प्रश्न आणि माझं ऑडिट. बायकोला कधी सांगितलं नव्हतं ते पोराला सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी विचारलं, "आणि माझ्या दाखल्यावर?"

"तुझं सिस्टरांनी स्वतः सांगितलं होतं. मी नुसतं लिहिलं."

"मग ते आता खोटं झालं," तो म्हणाला. जरा वेळाने आणखी एक गोष्ट बोलला. येत्या सोमवारपासून त्या प्रेसवर त्यालाच टाकलंय. सेन्सर अजून बंदच आहे. "दादा म्हणाला, घरचा माणूस आहेस, तू विश्वासाचा."

पुढचं आज, रविवारी, परत आल्यावर लिहितोय.

सकाळी सम्यकच गाडी काढून उभा राहिला. कुठे जायचं हे दोघांनाही विचारावं लागलं नाही. चाकणच्या रस्त्याला लागलो. रविवार असूनही ट्रेलरची रांग होतीच. महाळुंग्यात शिरलो तशी कुठल्यातरी शेडमधून प्रेसचा आवाज यायला लागला, धप्प, धप्प, आणि प्रत्येक आवाजाला सम्यकची बोटं हँडलवर आवळत होती. मी मागे बसून ती बोटं बघत होतो. पाच आणि पाच. उद्या फर्स्ट शिफ्ट.

वाटेत अमोलचा फोन आला. मी उचलला नाही. परत आला. मग मेसेज: 'मामा कुठे निघालात? आई म्हणाली घराला कुलूप.' त्यात रागाचा एक शब्द नव्हता. सोळाव्या वर्षीही तो असाच शांत उभा राहिला होता तुमच्यासमोर.

एका गोडाऊनच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ आहे, तिथे बालाजी राहतो. गल्लीच्या तोंडाशी एक टपरी होती. सम्यकने गाडी लावली आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही थांबता का इथे? सिस्टर थांबायच्या तसे?"

थांबायचं होतं हो मला! पाय तिथेच रुतले होते. टपरीच्या पत्र्याखाली उभं राहायचं, चहा सांगायचा, आणि पोरगा जाऊन आला की पाठीवर थाप मारायची. किती सोपं झालं असतं. पण कोपऱ्यावर उभं राहायचा हक्क तुमचा होता. मी कुठल्या तोंडाने उभा राहू? माझा स्वतःचाच फेरा बाकी होता, सुमितच्या दारापासून. म्हणालो, "चल, मीही येतो." आणि सिस्टर, वळताना मी मागे बघितलं. सवयीने. कोपऱ्यावर कोणी नव्हतं.

दार बालाजीच्या बायकोने उघडलं. कडेवर लहान मुलगी. "कोन पाहिजे?" आत बालाजी खाटेवर बसला होता, उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा मांडीवर ठेवलेला. आम्हाला बघून उठायला लागला. "साहेब, तुम्ही कशाला आलाव इतक्या लांब? चूक आमचीच झाली म्हनतेत नं. कागद झालाय म्हनं तसा."

सम्यक उंबऱ्याच्या आत गेलाच नाही. दारातच उभा राहिला, सहावीतल्यासारखा, हात मागे बांधून. "बालाजीभाऊ, चूक तुमची नव्हती. सेन्सर तीन महिने बंद होता, मला माहीत होतं. त्या कागदावर मी सही केलीय. खोटी. घाबरून केली."

मी म्हणालो, "त्याला करायला मी सांगितली. आणि ज्याने करून घेतली, त्यालाही अशी सवय मीच लावलीय." ते त्यांना कळलं नसेल. पण मला म्हणायचं होतं, आणि दारात म्हणायचं होतं.

बालाजी आपल्या हाताकडे बघत राहिला. लाडू वगैरे काही आलं नाही, सिस्टर. पाणीसुद्धा नाही. बायको मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेत आमच्याकडे बघत होती. सम्यककडे, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने विचारलं, "मंग आता खरं कोन लिहिनार?"

मी खिशातून पेन काढलं. कागद नव्हता. तिने थोरल्या मुलीची शाळेची वही आणली, मागचं कोरं पान फाडून दिलं. मी उंबऱ्यावरच बसलो, गुडघ्यावर वही घेतली आणि आयुष्यभर विचारत आलो तसंच विचारलं, "पूर्ण नाव सांगा. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव."

तो सांगत होता, मी लिहीत होतो, अक्षर नेहमीपेक्षा जरा वाकडं येत होतं. तेवढ्यात सम्यकचा फोन वाजला. या वेळी अमोलने त्याला लावला होता. बाहेर पलीकडच्या शेडमध्ये प्रेस चालूच होती. सम्यकने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उचलला.

"हां दादा," तो म्हणाला. "मी बालाजीभाऊंच्या दारात उभा आहे."

मी पुढची ओळ लिहिली: सेन्सर तीन महिने बंद होता.